बेग्लीला आठवा, पण त्या अकरा सेकंदांसकट

ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टच्या उत्तर भागातल्या आर्डॉइन या कॅथलिक वस्तीत एका स्मृतिफलकाचं अनावरण झालं. फलक होता थॉमस बेग्ली या तरुणाचा. प्रोव्हिजनल आयआरएचा, म्हणजे उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा, हा बावीस-तेवीस वर्षांचा सैनिक त्याच्या वीस वर्षं आधी शँकिल रोडवरच्या माशांच्या दुकानात बॉम्ब घेऊन गेला होता. तो बॉम्ब वेळेआधी फुटला. त्यात बेग्ली गेला आणि त्याच्याबरोबर नऊ माणसं गेली, त्यांत दोन लहान मुली. फलकाची बातमी आली आणि त्या नऊ जणांच्या घरच्यांनी टाहो फोडला. तेव्हापासून हा वाद ऑक्टोबर आला की उकरला जातो आणि दरवेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन थांबतो. एक बाजू म्हणते, तो खुनी होता, त्याचं नावही घेऊ नका. दुसरी म्हणते, तो आमचा शहीद आहे, त्याच्याबद्दल विचारणारे तुम्ही कोण? मला ही दोन्ही वाक्यं चुकीची वाटतात, आणि शहाणीसुरती माणसंही या दोहोंतलं एक निवडून मोकळी होतात याचं जास्त वाईट वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बेग्लीला आठवलंच पाहिजे. त्याच्यासाठी रडण्याचा हक्क त्याच्या घरच्यांना आणि त्याच्या गल्लीला आहे, आणि त्या हक्काला कोणतीही अट घालता येत नाही. पण घरातलं रडणं बाहेर येऊन सार्वजनिक भिंतीवर जागा मागू लागलं, की अट येते. ती अट एवढीच, की आठवण अर्धी नसावी. त्याचं वय, त्याची वस्ती, त्याचं धाडस हे सगळं सांगायचं, तर त्या दुकानात काय झालं तेही त्याच दमात सांगावं लागेल. ज्या आठवणीला ते नऊ जण पेलत नाहीत, तिच्यात बेग्लीही पुरता सापडत नाही.

तर त्या दुकानात काय झालं? शनिवारची दुपार होती, एकच्या सुमाराची. शँकिल म्हणजे प्रोटेस्टंट कष्टकऱ्यांचा बालेकिल्ला. शनिवारी तिथं आठवड्याच्या बाजाराला बायामुलांची गर्दी असते. बेग्ली आणि त्याचा साथीदार माल पोचवणाऱ्यांचे पांढरे कोट घालून आले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर यूडीए या प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनेचं कार्यालय होतं. तिथं यूडीएचा म्होरक्या जॉनी अडेर आणि त्याचे साथीदार बसलेले असतील, असा आयआरएचा हिशेब होता. खाली गिऱ्हाइकांना ओरडून बाहेर काढायचं, बॉम्ब ठेवायचा, पळायचं आणि वरची बैठक उडवायची, असा बेत. बॉम्बला जोडलेली वात ११ सेकंदांची होती. वर कोणी नव्हतंच. बॉम्ब मात्र फुटला आणि जुनी इमारत खाली बसली. शेजारपाजारचे लोक हातांनी विटा उपसू लागले. त्या ढिगाऱ्याखाली दुकानाचा मालक होता, त्याची मुलगी होती, एक वयस्क जोडपं होतं, तेरा वर्षांची एक मुलगी होती, आणि आपल्या आईसोबत गेलेली सात वर्षांची दुसरी. पन्नासहून जास्त माणसं जखमी झाली.

आता ते ११ सेकंद डोळ्यांसमोर आणा. बॉम्ब वेळेआधी फुटला, हा अपघात होता, हे मान्य. पण सगळं बेताप्रमाणे झालं असतं तरी काय झालं असतं? शनिवारच्या गर्दीतलं दुकान ११ सेकंदांत रिकामं होतं का? म्हाताऱ्या बाईच्या हातात पिशवी, लहान पोराचा हात आईच्या हातात, दाराशी आत येणारे आणि बाहेर जाणारे एकमेकांत अडकलेले. बंदूकधारी ओरडतोय म्हटल्यावर निम्मी माणसं जागच्या जागी थिजतात. शेजारच्या दुकानांतल्यांना तर कुणी सांगणारही नव्हतं. म्हणजे बेतातच माणसं मरणार होती, आणि बेत आखणाऱ्यांनी ती किंमत मनात धरलेली होती. ती दुसऱ्याच्या पदरची होती, एवढंच. ‘दुर्दैवी चूक’ हे स्पष्टीकरण मी म्हणूनच स्वीकारत नाही. आणि बेग्लीच्या आठवणीत हे ११ सेकंद आलेच पाहिजेत, हा हट्टही त्याचमुळे.

मराठी वाचकाला या वादात एक जास्तीची अडचण आहे, ती बोलून टाकलेली बरी. आयर्लंडबद्दल आपल्या मनात जुना जिव्हाळा आहे. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ मध्ये, आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता. ‘होमरूल’ हा शब्दच आपण तिथून उचलला. १९८१ मध्ये आयआरएचा कैदी बॉबी सँड्स ६६ दिवसांच्या उपोषणानंतर तुरुंगात मेला, तेव्हा आपल्या राज्यसभेत विरोधी पक्षांचे सदस्य त्याच्यासाठी मिनिटभर उभे राहिले होते. इंग्रजांशी लढणारा आयरिश माणूस आपल्याला आपसूकच आपला वाटतो. १९६९च्या ऑगस्टमध्ये बेलफास्टच्या कॅथलिक वस्तीतल्या ज्या गल्लीची घरं दंगलखोरांनी जाळली आणि जिच्या राखेतून प्रोव्हिजनल आयआरए उभी राहिली असं सांगतात, त्या गल्लीचं नाव बॉम्बे स्ट्रीट आहे. हे वाचल्यावर आपल्या पोटात थोडं हलतंच. पण शँकिलवरची नऊ माणसं म्हणजे इंग्रजांचं साम्राज्य नव्हे. ते त्याच शहरातले, तसेच गरीब, तीच बोली बोलणारे शेजारी होते. आर्डॉइनपासून शँकिल चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. ‘तुमचा दहशतवादी तो आमचा क्रांतिकारक’ हे वाक्य आपल्याकडे अशा वेळी हमखास फेकलं जातं. त्या वाक्यानंतर विचार करायचं काही उरत नाही, म्हणूनच ते फेकणाऱ्याला सोयीचं असतं.

आता समोरच्यांचं ऐकू. सगळ्यात वजनदार बाजू मेलेल्यांच्या घरच्यांची आहे. त्यांचा सवाल साधा आहे. आमची पोर मासे आणायला गेली आणि तिला मारणारा त्याच घटनेत मेला, म्हणून तो आणि ती एका रांगेत? २००९ मध्ये हा सवाल अगदी पैशांत विचारला गेला. सरकारने नेमलेल्या गटाने, माजी आर्चबिशप रॉबिन ईम्स आणि माजी धर्मगुरू डेनिस ब्रॅडली हे त्याचे प्रमुख होते, अशी शिफारस केली की संघर्षात मेलेल्या प्रत्येकाच्या जवळच्या नातेवाइकाला १२ हजार पौंड द्यावेत, मेलेला कुणीही असो. अहवाल जाहीर करण्याच्या सभेतच लोक एकमेकांच्या अंगावर ओरडले. ती शिफारस मागे पडली ती पडलीच. शँकिलवरच्या बापाला आणि बेग्लीच्या बापाला एकाच रकमेचा धनादेश, हे कोणाला सहन होणार होतं?

मी त्या संतापाला नावं ठेवणार नाही. मारणारा आणि मरणारा यांत फरक आहे, तो मिटवून समेट होत नाही. पण त्या संतापातून पुढे जी मागणी येते, की मारणाऱ्याचं नावच पुसून टाका, ती मात्र मला पटत नाही. एक कारण माणुसकीचं. मरणानं वैर संपतं, हे आपल्याकडे रामाच्या तोंडी घातलेलं आहे. रावण पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो, याचे संस्कार कर. वैर मरणापर्यंतच. रावणाने केलेलं त्यामुळे धुतलं गेलं, असं कोणी म्हणत नाही. पण प्रेताला अग्नी द्यायचा आणि घरच्यांना रडू द्यायचं, एवढं शत्रूचंही देणं लागतं. बेग्लीच्या बाबतीत तेही नीट झालं नाही. त्याच्या घराबाहेर जमलेल्या लोकांवर एका ब्रिटिश सैनिकाने गोळ्या झाडल्या. त्या सैनिकाला पुढे शिक्षा झाली. मेलेल्याच्या दारात जमलेल्यांवर गोळी चालवावी असं एखाद्या गणवेशातल्या माणसाला वाटतं, ते ‘त्यांचं रडणं हे रडणंच नाही’ अशी हवा आधी तयार झालेली असते म्हणून.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बेग्लीला राक्षस ठरवून गाडला, की तो कुठून आला हा प्रश्नही त्याच्यासोबत गाडला जातो. हा मुलगा १९७०च्या आसपास जन्मला. म्हणजे त्याने संघर्षाबाहेरचा एकही दिवस पाहिलेला नव्हता. शाळेत जाताना सैनिकांच्या चिलखती गाड्या, रात्री धाडी, गल्लीच्या टोकाला दोन धर्मांच्या वस्त्या तोडणारी उंच भिंत. आर्डॉइन ही काही हजार लोकांची वस्ती, आणि १९६९ ते १९९८ या काळात तिथली ९९ माणसं मारली गेली. प्रत्येक घराला ओळखीचा मेलेला माणूस होता. ज्या यूडीएच्या बैठकीवर हा बॉम्ब होता ती संघटना वर्षानुवर्षं कॅथलिकांना केवळ कॅथलिक म्हणून मारत आली होती. फेब्रुवारी १९९२ मध्ये बेलफास्टच्याच एका सट्ट्याच्या दुकानात घुसून त्यांनी पाच जणांना मारलं, त्यांत पंधरा वर्षांचा मुलगा होता. आणि एवढं होऊनही ही संघटना ऑगस्ट १९९२पर्यंत कायदेशीर होती! आर्डॉइनमधल्या पोराला पोलीस आपले वाटत नव्हते, सैन्य आपलं वाटत नव्हतं, कायदा आपला वाटत नव्हता. आयआरएची माणसं त्याच्या गल्लीतली होती. हे सांगितल्याने बेग्ली सुटत नाही. त्याच गल्लीत, त्याच धाडी सोसून, हजारो पोरांनी हातात बॉम्ब घेतला नाही. पण हे न सांगता ‘तो खुनी होता’ एवढंच म्हणणारा माणूस पुढचा बेग्ली थांबवायला काडीचाही उपयोगी नाही.

आता दुसरी बाजू. रिपब्लिकन मंडळी, म्हणजे आयआरएच्या बाजूचे लोक, विचारतात, आमच्याच पोरांच्या आठवणीला अट का? ब्रिटिश सैनिकांची स्मारकं गावोगावी आहेत. डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटने निःशस्त्र मोर्चावर गोळ्या घालून तेरा जणांना जागीच मारलं, चौदावा पुढे गेला. त्या रेजिमेंटचे झेंडे आजही उत्तर आयर्लंडच्या काही रस्त्यांवरच्या खांबांना मुद्दाम बांधले जातात. सरकारने मारलं की कर्तव्य आणि आम्ही मारलं की खून, हा न्याय कुठला? हा सवाल खरा आहे. त्याला फाटे फोडण्यात अर्थ नाही.

पण त्याचं उत्तर काय? ते अर्धी आठवण सांगतात म्हणून आम्हीही अर्धीच सांगणार? डेरीच्या मेलेल्यांच्या घरच्यांनी काय मागितलं ते बघा. आमच्या भावाचा पुतळा उभारा, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी मागितलं, की त्या दिवशी काय झालं ते पूर्ण सांगा. ‘मेलेले बंदूकधारी होते’ हे सरकारी खोटं पुसून टाकायला त्यांना ३८ वर्षं लागली. जून २०१० मध्ये लॉर्ड सॅव्हिल यांचा अहवाल आला आणि ब्रिटिश पंतप्रधानांना संसदेत उभं राहून माफी मागावी लागली. ज्या समाजाने पूर्ण सत्यासाठी ३८ वर्षं दम धरला, त्याला आपल्या गल्लीतल्या फलकावर अर्धं सत्य कसं चालतं? डेरीचा न्याय आर्डॉइनलाही लागू करायचा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि सैन्याच्या स्मारकांनाही तोच न्याय लावा. त्यात मला काडीचीही अडचण नाही.

अट दोन्हीकडे सारखी आहे का, हे तपासायचं असेल तर आर्डॉइनहून थोडं चालत वुडव्हेलकडे जावं. तिथं ब्रायन रॉबिन्सन नावाच्या तरुणाचं भिंतचित्र आहे. हा यूव्हीएफचा, म्हणजे प्रोटेस्टंट सशस्त्र संघटनेचा. सप्टेंबर १९८९ मध्ये त्याने आर्डॉइनजवळ रस्त्याने जाणाऱ्या एका कॅथलिक माणसाला गोळ्या घालून मारलं. तो माणूस कोणत्याही संघटनेचा नव्हता. मोटारसायकलवरून पळताना रॉबिन्सनला साध्या वेशातल्या सैनिकांनी गाठलं आणि तो मारला गेला. दरवर्षी त्याच्या स्मरणार्थ बँडची मिरवणूक निघते. आर्डॉइनमध्ये तिच्याबद्दल जो संताप आहे तो शँकिलच्या संतापाहून वेगळा नाही. रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसाला मारणाऱ्याचा तुम्ही उत्सव कसा करता, असं आर्डॉइनचे लोक विचारतात. बरोबर विचारतात. मग तोच प्रश्न २०१३च्या ऑक्टोबरला त्यांनी स्वतःला का विचारला नाही? वुडव्हेलमध्ये रॉबिन्सनच्या घरच्यांचं दुःख खरं आहे, बेग्लीच्या घरच्यांचंही खरं आहे. पण दोन्हीकडे त्या दुःखाला पुढे उभं करून मागे जे चालतं, तो संघटनेचा मोठेपणा मिरवण्याचा कार्यक्रम असतो. गणवेश, झेंडे, भाषणं. त्यात मेलेला मुलगा किती असतो? त्याचा राग, त्याची भीती, त्याने शेवटच्या रात्री काय विचार केला असेल, हे त्या भाषणांत कधी येत नाही. संघटनेला मुलगा नको असतो, चेहरा हवा असतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड गेला. तो असा, की बेग्लीचा सन्मान झाला म्हणूनच शांतता आली. बेग्लीच्या अंत्ययात्रेत आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी अ‍ॅडम्स यांनी शवपेटीला खांदा दिला. तो फोटो जगभर गेला आणि त्यांच्यावर थुंकायचंच तेवढं बाकी राहिलं. पण त्याच वेळी अ‍ॅडम्स दुसऱ्या हाताने, शस्त्राविना राजकारण करणाऱ्या कॅथलिक पक्षाचे नेते जॉन ह्यूम यांच्याशी शांततेची बोलणी करत होते. त्यांनी खांदा दिला नसता तर आयआरएच्या कडव्या मंडळींनी त्यांच्यावर पुन्हा विश्वास ठेवला असता का? त्या अंत्ययात्रेनंतर अवघ्या दहा महिन्यांत, ३१ ऑगस्ट १९९४ रोजी, आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर १९९३च्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला संसदेत म्हणाले, की अ‍ॅडम्सशी बोलायचं म्हटलं तरी मला मळमळतं. महिना संपायच्या आत बाहेर आलं, की त्यांच्याच सरकारचा आयआरएशी गुप्त संपर्क चालू होता. राजकारण असंच चालतं. आपल्या लोकांना युद्धातून बाहेर काढायचं, तर त्यांच्या मेलेल्यांकडे पाठ फिरवून चालत नाही.

हे मी मान्य करतो. १९९३ सालच्या त्या खांद्याला मी दोष देत नाही, आणि तो फोटो बघून मला अजूनही अस्वस्थ वाटतं. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. पण ही गोष्ट सांगताना त्या आठवड्याचा बाकीचा भाग गाळला जातो. शँकिलचा सूड म्हणून यूडीएच्या माणसांनी ३० ऑक्टोबरला ग्रेस्टील गावातल्या एका बारमध्ये गोळीबार केला. आठ जण मेले. गावकरी संध्याकाळी दोन घोट घ्यायला जमले होते, त्यांत दोन प्रोटेस्टंटही होते. १९७६नंतर एका महिन्यात इतकी माणसं कधी मेली नव्हती. ग्रेस्टीलच्या एका अंत्यविधीला ह्यूम गेले होते. तिथं मेलेल्या माणसाच्या मुलीने त्यांना सांगितलं, की आम्ही काल रात्री बाबांच्या शवपेटीभोवती बसून तुमच्यासाठी प्रार्थना केली, तुमचं काम तडीस जावं म्हणून. ह्यूम तिथंच रडले. ज्या ह्यूमवर, खुन्यांशी बोलतो म्हणून, तेव्हा चहूकडून टीकेची झोड उठली होती, त्यांना पुढे जायचं बळ अशा घरांतूनही मिळालं. शांतता आणली ती खांदा देणाऱ्याने, असं म्हणणाऱ्याने या मुलीचा वाटाही मान्य करावा.

शिवाय १९९३ आणि २०१३ एक नव्हेत. युद्ध चालू असताना आपल्या लोकांना सोबत ठेवायची गरज होती. १९९८चा शांतताकरार होऊन पंधरा वर्षं झाल्यावर कोणाला सोबत ठेवायचं होतं? तोवर शिन फेन सरकारात होती. आज तर त्यांच्या मिशेल ओनील प्रथम मंत्री आहेत. त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बेलफास्टच्या युद्धस्मारकावर, ब्रिटिश सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात, पुष्पचक्र वाहिलं. स्वतःच्या समाजातल्या अनेकांची नाराजी पत्करून वाहिलं, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. पण २०२२ मध्ये याच बाई म्हणाल्या होत्या, की त्या काळी सशस्त्र लढ्याला पर्याय नव्हता. पर्याय नव्हता? जॉन ह्यूम तीस वर्षं काय करत होते? त्यांच्या पक्षाला त्याच कॅथलिक समाजातले बहुसंख्य लोक त्या सगळ्या काळात मतं देत होते. पर्याय होता. तो चालू होता. आणि ज्या दिवशी शस्त्रं खाली ठेवली, त्या दिवशी आयआरएही त्याच वाटेवर आली. ‘पर्याय नव्हता’ हे वाक्य खरं मानलं, तर बेग्लीने त्या दुकानात जाणं हे विधिलिखित ठरतं, आणि ते तसं मुळीच नव्हतं. त्याला तिथं कुणीतरी पाठवलं.

काळ गेला की सगळं आपोआप निवळतं, असंही काही जण सुचवतात. केव्हिन बॅरीचं उदाहरण देतात. अठरा वर्षांचा हा वैद्यकीचा विद्यार्थी १ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात फाशी गेला. ज्या हल्ल्यात तो पकडला गेला त्यात तीन ब्रिटिश सैनिक मेले, तेही त्याच्यासारखेच कोवळे. २००१ मध्ये आयर्लंडच्या सरकारने बॅरी आणि इतर नऊ जणांचे अवशेष तुरुंगातून काढून सन्मानाने पुरले. उद्या बेग्लीचंही तसंच होईल, असा हा युक्तिवाद. पण २००१ मध्ये डब्लिनमध्येच अनेकांनी विचारलं होतं, की या थाटाने आत्ताच्या आयआरएला पावित्र्य बहाल करतोय का आपण? शंभर वर्षं गेल्यावर वाद मिटत नाही. प्रश्न विचारणारी माणसं मरतात, एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अनंत कान्हेरेने डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सनला गोळ्या घातल्या तेव्हा तो अठराच्या आसपास होता. पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा माणूस होता, हे आपल्याकडच्या कान्हेरेच्या बहुतेक हकिकतींत येतं, आणि ते आल्याने कान्हेरे लहान झालेला नाही. कान्हेरेने एक माणूस निवडला, त्याला मारलं आणि तिथंच पकडला गेला. प्रेक्षागृहात बॉम्ब टाकला नाही. या फरकाने त्याचं कृत्य बरोबर ठरतं की नाही हा वेगळा वाद आहे. पण पूर्ण हकिकत सांगितली तर माणूस आठवणीतून हद्दपार होत नाही, एवढं तरी त्यावरून दिसतं. मग बेग्लीच्या बाबतीत पूर्ण सांगायची भीती का वाटते? कारण ११ सेकंद मांडले की फलकाचा रंगच बदलतो, हे फलक लावणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

आणि हा वाद केवळ मेलेल्यांचा राहिलेला नाही. एप्रिल २०१९ मध्ये डेरीत दंगल चालू असताना शांतताकरार न मानणाऱ्या न्यू आयआरएच्या माणसाने पोलिसांच्या दिशेने झाडलेली गोळी लायरा मकी या पत्रकार मुलीला लागली. ती २९ वर्षांची होती, उत्तर बेलफास्टचीच. शस्त्रसंधीच्या आसपास लहानाच्या मोठ्या झालेल्या पिढीबद्दल ती लिहायची, ज्या पिढीला शांतता मिळणार असं सांगितलं गेलं आणि ती पुरती मिळाली नाही. त्या रात्री दगड आणि पेट्रोलबॉम्ब फेकणाऱ्यांत शाळकरी वयाची पोरं होती. करारानंतर जन्मलेल्या पोराला आयआरए म्हणजे काय हे कोण सांगतं? भिंती सांगतात. फलक सांगतात. कोवळा, हसरा, झेंड्यात गुंडाळलेला चेहरा सांगतो. त्या चेहऱ्याखाली दुकानाचं नावही नसतं. त्या पोराने त्यातून काय शिकावं अशी आपली अपेक्षा आहे?

वाट नाही असं नाही. ती आर्डॉइननेच दाखवलेली आहे, म्हणून तर मला त्या फलकाचं जास्त दुःख होतं. तिथल्या लोकांनी करारानंतर एकत्र येऊन वस्तीतल्या ९९ मेलेल्यांच्या हकिकती गोळा केल्या आणि २००२ मध्ये छापल्या. नातेवाइकांशी बोलले, लिहिलेला मजकूर छापण्याआधी त्यांना परत वाचायला दिला, त्यांनी सांगितलेले बदल केले. मुख्य म्हणजे सैन्याने मारलेले आणि प्रोटेस्टंट संघटनांनी मारलेले एवढेच त्यात घेतले नाहीत. आयआरएने खबऱ्या ठरवून मारलेली वस्तीतली माणसंही घेतली. ज्यांच्या आया शेजाऱ्यांना तोंड दाखवायला धजत नव्हत्या, ज्यांचं नाव गल्लीत उच्चारलं जात नव्हतं, त्यांची हकिकत बाकीच्यांच्या बरोबरीने आली. हे सोपं नव्हतं. मारणारे आणि मेलेल्यांचे घरचे तिथं एकाच दुकानात दूध घेतात. बेलफास्टच्या काही पत्रकारांनी तर १९९९ मध्येच संपूर्ण संघर्षातल्या साडेतीन हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद एका ग्रंथात केली. तारखेनुसार, कुणालाही वगळल्याशिवाय. त्यात मारणाराही सापडतो आणि मरणाराही, शेजारच्या पानावर. कोण कसा मेला हे तिथं लपत नाही आणि कुणी माणूस नव्हता असंही तिथं म्हटलेलं नाही.

तर आर्डॉइनच्या फलकाचं काय करायचं? तो काढून टाका, असं मी म्हणणार नाही. काढला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट मोठा लागेल. माझी मागणी वेगळी आहे. त्या आठवड्याची एक नोंद आर्डॉइन, शँकिल आणि ग्रेस्टील इथल्या घरच्यांनी मिळून लिहावी, आर्डॉइनने २००२ मध्ये वापरलेल्याच पद्धतीने. मजकूर छापण्याआधी सगळ्यांनी वाचायचा. शँकिलचे नऊ, ग्रेस्टीलचे आठ, त्या दिवसांत बेलफास्टमध्ये कामावर असताना मारले गेलेले कॅथलिक, आणि थॉमस बेग्ली. त्याच्या नावापुढे तो आर्डॉइनचा होता हे लिहावं, तो विशीतला होता हे लिहावं, आणि बॉम्ब त्याने नेला होता आणि त्याची वात किती सेकंदांची होती हेही त्याच ओळीत लिहावं. बेग्लीच्या घरच्यांना शेवटची ओळ नको असेल. शँकिलच्या एखाद्या आईला त्याचं नावच नको असेल. तिला ती नोंद कधीही मान्य होणार नाही, हे शक्य आहे, आणि तिने ती मान्य करावी असं सांगायचा अधिकार मला नाही, जेरी अ‍ॅडम्सना नाही, कोणत्याही सरकारला नाही. पण त्या नोंदीत आपल्या मुलीबद्दल काय लिहायचं हे ठरवायला तिला बोलावलं पाहिजे. २०१३ मध्ये तो फलक लावताना तिला कुणी विचारलं नव्हतं.